वजाबाकी

वजन करताना श्वास रोखावा लागतो.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
पहिल्या आठवड्यात आकडा थरथरत राहिला
तेव्हा देवस्थळीबाई मागूनच म्हणाल्या,
"तुझाच वारा लागतोय त्याला."

कागद एवढासा, गोल,
प्रसादाच्या मुदीखाली मावेल असा.
चिमट्यानेच धरायचा. कोरड्या थंड खोलीत
एक दिवस, एक रात्र निजवायचा,
मग बारशाला नाव लिहावं तसं वजन लिहायचं,
दशांशानंतर सहा घरं.

तिथून माहुल. पालिकेच्या शाळेची गच्ची.
यंत्र तासाला घनमीटरभर हवा ओढतं,
दोन माणसांची हवा एकटंच,
आणि खोकत नाही.

मी येणार म्हणून शिपाई तांडेल
भल्या सकाळी गच्ची झाडून ठेवतात.
कसं सांगू त्यांना
की त्या झाडूत मंगळवारचा आकडा गेला?
नोंदवहीत लिहिलं, "स्थानिक अडथळा,"
आणि त्यांनी आणलेला चहा प्यायले.
म्हणाले, आई जवळा वाळत घालायची
ती दिवस कलल्यावर तसाच सुपात भरायची.
आता जेवणवेळेलाच काळपट धरतो.
धुऊन घ्यावा लागतो, चव जाते.
"तुमच्या मशीनला चोवीस तास लागतात, बाई.
जवळ्याला दुपारीच कळतं."

हे मी अहवालात कुठे लिहू?
रकाना नाही.

बैठक चौदाव्या मजल्यावर, खिडक्या बंद.
प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली.
मी भिंतीलगत, फायली मांडीवर.
प्रश्न तेवढाच: साठ की चाळीस?
एकजण म्हणाले, पाळता येईल तेच लिहा.
एकजण म्हणाले, आपल्याला समुद्र आहे,
वारा फिरला की सगळं धुऊन निघतं.
(कुणाच्या अंगणात, ते विचारायचं राहिलं.)
छातीच्या वॉर्डातल्या डॉक्टर फिरदौस मुकादम
इतका वेळ बाटलीचं लेबल सोलत होत्या.
म्हणाल्या, "इथवर ठीक, इथून पुढे त्रास,
अशी रेघ मला एक्स-रेवर दिसलेली नाही.
रेघ आपण ओढतो.
आणि रेघेच्या अलीकडे कोण दगावणार
ते त्याच पेनाने ठरतं."
एसीचा आवाज ऐकू आला.
मग जेवण आलं.

शिवाय सरासरी.
रात्री तीनला काँक्रीटच्या गाड्या,
पहाटे कचऱ्याचा गोडूस धूर,
आणि दुपारी खाडीवरून तासभर वारा येतो
तो सगळ्यांचे गुन्हे पोटात घालतो.
शाळेत एक मुलगी आहे, तिसरीतली, इन्शिरा,
दप्तरात पंप ठेवते, कंपासपेटीशेजारी.
तिला विचारा,
सरासरी श्वास कसा घेतात.

संध्याकाळी फळ्यावर पन्नास लिहिलं गेलं.
खाली कंसात: तात्पुरते.
साफसफाईवाल्याने तो फळा पुसला की नाही
मला माहीत नाही, मी शेवटची बस गाठली.

प्रत्येक फेरीत एक कागद नुसता सोबत न्यायचा.
गच्चीवर डबी क्षणभर उघडायची, मिटायची.
त्याच्यातून हवा ओढायची नाही.
त्याला कोरा म्हणतात.
जाताना जेवढा, येताना तेवढाच भरायला हवा.
या वेळी भरला नाही. जास्त भरला.
नियम आहे त्यालाही:
कोऱ्यावर जे चढलं
ते बाकीच्यांतून वजा करा.

पुन्हा ठेवला काचेआड.
त्याने काहीच केलं नव्हतं,
फक्त माहुलला जाऊन आला होता
रिक्षात, माझ्या मांडीवर,
माझ्याइतकाच वेळ.

श्वास रोखून बसले आहे.
आकडा अजून थांबत नाही.